जपानी पॉप आणि कंट्री संगीतातील साथीदार वादकांची नावे शोधायची कुठे?

जुनी_तबकडी :

नमस्कार. १९७० च्या दशकातील जपानी पॉप संगीत मी गेली काही वर्षे नियमाने ऐकत आहे. सुरुवात, बहुतेकांची होते तशी, सिटी पॉपपासून, म्हणजे त्या काळच्या शहरी, गुळगुळीत चालीच्या जपानी पॉपपासून झाली आणि तिथून मागे मागे सरकत मी हारुओमी होसोनो यांच्या १९७३ सालच्या 'होसोनो हाउस' या अल्बमपर्यंत येऊन पोहोचलो. टोकियोजवळच्या सायामा येथे, अमेरिकी लष्करी कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीतील एका भाड्याच्या घरात त्याचे ध्वनिमुद्रण झाले होते. त्या अल्बमवर मी अडकलो तो मागे वाजणाऱ्या पेडल स्टील गिटारमुळे. ओळ संपता संपता हे वाद्य हलकेच आत शिरते, गळ्यातून घेतलेल्या मींडेसारखा एक सूर काढते आणि गायक पुढचा शब्द उच्चारण्याआधी बाजूला होते. पुस्तिकेत वादकाचे नाव दिलेले होते : हिरोकी कोमाझावा. ते नाव धरून शोधत गेलो, तेव्हा हेच गृहस्थ 'हाचिमित्सु पाई' या बँडमध्ये होते असे कळले आणि पुढचे दोन महिने ऐकायला काय घ्यावे, हा प्रश्नच उरला नाही.

अडचण त्यानंतर आली. त्याच सुमाराच्या कायोक्योकुचे, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचलेल्या व्यावसायिक गीतांचे, एक संकलन मी घेतले. पुस्तिका चांगली जाडजूड आहे. प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार आणि संयोजक, म्हणजे गाण्याची वाद्यसाथ बांधणारा, यांची नावे आहेत, गायिकेची छायाचित्रे तर पानोपानी आहेत. परंतु बास कोणी वाजवला, ड्रमवर कोण होते, याविषयी एक अक्षरही नाही. त्यातील एका गाण्यात दोन कडव्यांच्या मधल्या जागेत चार-पाच सेकंद स्टील गिटारच वाजते, अशी माझी जवळजवळ खात्री आहे, आणि ती कोणाची हे जाणून घेण्याचा कोणताही मार्ग मला दिसत नाही.

एकाच देशात, एकाच काळात, कदाचित एकाच स्टुडिओत झालेल्या कामाच्या नोंदींत इतकी तफावत कशी? जपानमधील संगीत पत्रकारांनी साथीदारांची दखलच घेतली नाही, की घेतली आणि ती माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला सापडत नाही? शिवाय हे कंट्रीचे वाद्य जपानी पॉपमध्ये शिरले तरी कोणत्या दाराने? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.


मलपृष्ठ :

आपल्या प्रश्नातील तफावत खरी आहे. पत्रकारांकडे नंतर वळू. आधी ध्वनिमुद्रण कंपन्यांची कामाची रीत पाहावी लागेल.

जपानमध्ये फार काळ गीतकार, संगीतकार आणि गायक हे एखाद्या कंपनीशी करारबद्ध असत, आणि कंपनीचा स्वतःचा वाद्यवृंदही असे. जुन्या तबकडीच्या लेबलवर 'कोलंबिया ऑर्केस्ट्रा' किंवा 'किंग ऑर्केस्ट्रा' एवढाच उल्लेख आढळतो. त्या दोन शब्दांत किती माणसे सामावली आहेत, याचा पत्ता तबकडी लागू देत नाही. आपल्याला लिपी ओळखता येत असेल, तर नावांआधीची चिन्हे नीट पाहा : साकुशि म्हणजे गीतलेखन, साक्क्योकु म्हणजे संगीतरचना आणि हेनक्योकु म्हणजे संयोजन. क्वचित कुठे चौथे पद दिसते, एन्सो, म्हणजे वादन. ते दिसले तरी फार हुरळून जाऊ नये, कारण त्यापुढे बहुधा वाद्यवृंदाचेच नाव असते.

साठच्या दशकात ही करारपद्धत सैल होत गेली आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या स्टुडिओ वादकांचे दिवस आले. त्यांना बोलावण्याचे काम ज्या मध्यस्थांकडे असे, त्यांना त्या व्यवसायात 'इनपेगु-या' म्हणतात. इंग्रजी 'इन्स्पेक्टर' शब्दाचे ते जपानी जिभेवर झालेले रूप आहे. संयोजकाने सांगायचे, की अमुक तारखेला मला दोन गिटार, एक बास, ड्रम आणि सहा व्हायोलिने हवीत. मध्यस्थाने दूरध्वनी फिरवायचे. वादकांनी ठरल्या वेळी येऊन समोरची स्वरलिपी वाचायची, वाजवायची आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचे. गायिकेचा आवाज नंतर वेगळा ध्वनिमुद्रित होत असल्यामुळे आपण वाजवतो आहोत ते गाणे कोणाचे आहे, हे वादकाला त्या दिवशी ठाऊक असेलच असे नव्हते. गायनाविना तयार केलेल्या या साथीच्या पट्टीलाच व्यवसायातले लोक 'काराओके', म्हणजे रिकामा ऑर्केस्ट्रा, म्हणत. आज तो शब्द कोणत्या अर्थाने जगभर गेला आहे, ते वेगळे सांगायला नको. जिथे वादकालाच गाण्याचे नाव ठाऊक नसे, तिथे गाण्याला वादकाचे नाव ठाऊक असण्याची अपेक्षा जरा जास्तच होती.

आपल्याला 'होसोनो हाउस'मध्ये नावे सापडली, याचे कारण ती मंडळीच वेगळ्या परंपरेतली होती. १९७२ साली किंग रेकॉर्ड्सच्या छत्राखाली 'बेलवूड' हे लेबल निघाले आणि स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्यांना तिथे जागा मिळाली. होसोनो त्याआधी 'हॅपी एंड' या चौघांच्या बँडमध्ये होते, आणि त्या बँडने आपला तिसरा अल्बम १९७२ साली लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला, ज्यात अमेरिकी संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांचा सहभाग होता. ही पिढी अमेरिकन तबकड्यांची मलपृष्ठे अक्षरशः पाठ करून वाढली होती. कोणत्या अल्बमवर कोणता ड्रमर आहे, यावरून ती तबकडी विकत घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसांनी स्वतःच्या पुस्तिकेत साथीदारांची नावे छापली, यात नवल नाही. होसोनो, गिटारवादक शिगेरु सुझुकी, ड्रमर तात्सुओ हायाशी आणि कीबोर्डवादक मासाताका मात्सुतोया या चौघांनी 'कॅरमेल मामा' या नावाने साथीचा संचच उभा केला आणि १९७३ साली गायिका युमी अराई यांच्या पहिल्या अल्बमला साथ दिली. पुढे हाच संच 'टिन पॅन अ‍ॅली' झाला. साथीदारांच्या संचाला स्वतःचे नाव असणे, ही त्या काळच्या जपानी पॉपमध्ये लहान गोष्ट नव्हती.

माझ्या मते साथीदारांची नावे छापण्याचा पैशाच्या व्यवहाराशीही संबंध आहे. जपानचा सध्याचा कॉपीराइट कायदा १९७० साली संमत होऊन १९७१ पासून अमलात आला आणि त्याने वादकांनाही कलावंत म्हणून काही हक्क दिले. प्रसारकांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रिका वाजवल्याबद्दल द्यायच्या रकमेत त्यांचा वाटा असतो. परंतु वाटा पोहोचवायचा, तर वाजवले कोणी याची नोंद हवी. पुस्तिकेतील गाळलेली ओळ अशी थेट खिशापर्यंत जाऊन भिडते.


तिसरी_तार :

मलपृष्ठ यांनी पॉपची बाजू मांडली आहे. 'कोणत्या दाराने' या प्रश्नाला मी हात घालतो, कारण कंट्री हा माझा जुना नाद आहे.

दार एक नव्हते, दोन होते, आणि आपल्या त्या चार-पाच सेकंदांचा उलगडा करण्यासाठी दोन्ही माहीत असणे आवश्यक आहे.

पहिले दार हवाई बेटांचे. हवाईत जन्मलेले बकी शिराकाता युद्धापूर्वीच जपानला आले आणि स्टील गिटारची गोडी त्यांनी तिथे रुजवली. युद्धानंतर हवाईयन संगीताचे वेड पुन्हा उसळले. हिरोशी वादा हे स्वतः स्टील गिटारवादक. त्यांचा 'माहिना स्टार्स' हा संच १९५४ साली सुरू झाला आणि हवाईयनमधून थेट 'मूड कायो' या रात्रीच्या, मंद चालीच्या गीतप्रकारात शिरला. काझुको मात्सुओ यांच्याबरोबर त्यांनी गायलेल्या गाण्याला १९६० चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला होता. म्हणजे पेडल स्टीलचे नाव जपानी श्रोत्याने ऐकण्याच्या कितीतरी आधी स्टील गिटार कायोक्योकुमध्ये घरच्यासारखी वावरत होती.

दुसरे दार अमेरिकी लष्कराच्या छावण्यांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असताना सैनिकांच्या क्लबांना दररोज रात्री संगीत लागे आणि सैनिकांमध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले पुष्कळ असल्यामुळे कंट्रीला मागणी होती. जपानी तरुण लष्करी रेडिओवर ती गाणी ऐकत, शब्द कानांनी उतरवून घेत आणि क्लबमध्ये वाजवत. जपानमध्ये या संगीताला बराच काळ नुसते 'वेस्टर्न' म्हणत. १९५६ साली काझुया कोसाका यांनी 'वॅगन मास्टर्स' या बँडसह एल्विस प्रेस्लीच्या गाजलेल्या गाण्याचा जपानी अवतार गायला. फेब्रुवारी १९५८ मध्ये टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहात जो रॉकबिलीचा, म्हणजे कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मिश्रणाचा, प्रसिद्ध सोहळा झाला, त्याचे नावही 'वेस्टर्न कार्निव्हल' असेच होते. मंचावर धिंगाणा रॉकबिलीचा होता, पण ते वाजवणारी कित्येक मंडळी कंट्रीच्या बँडमधूनच आली होती.

या बँडमधील साथीदारांचे पुढे काय झाले, ते पाहिले की मला दर वेळी गंमत वाटते. जिमी तोकिता यांच्या 'माउंटन प्लेबॉइज'मध्ये गिटारवर ताकेशी तेराउची होते, जे पुढे 'ब्लू जीन्स' घेऊन जपानमधील इलेक्ट्रिक गिटारच्या लाटेचे अग्रणी झाले. त्याच बँडमध्ये बास वाजवणारे चोसुके इकारिया हे 'ड्रिफ्टर्स'चे प्रमुख म्हणून देशातील सर्वात लाडक्या विनोदवीरांपैकी एक झाले. बीटल्स १९६६ साली टोकियोच्या बुडोकान सभागृहात आले, तेव्हा त्यांच्याआधी मंचावर आलेल्यांत 'ड्रिफ्टर्स'ही होते आणि 'ब्लू जीन्स'ही. 'स्विंग वेस्ट' या कंट्री बँडचे ताकेओ होरी यांनी १९६० साली 'होरीप्रो' ही कलावंत-व्यवस्थापन संस्था काढली. त्याच बँडचे ड्रमर शोची तानाबे यांनी आधी 'स्पायडर्स' हा बँड उभारला आणि नंतर स्वतःची संस्था. म्हणजे ज्या उद्योगाच्या पुस्तिकांत साथीदारांची नावे नव्हती, तो उद्योग चालवणाऱ्यांपैकी काहीजण स्वतःच एकेकाळचे साथीदार होते. या विसंगतीवर मी अनेकदा विचार केला आहे, आणि समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

आता आपले चार-पाच सेकंद. नाव सांगता येणार नाही, पण दार कोणते ते कानांनी ओळखता येते. हवाईयन स्टीलला पेडल नसतात. डाव्या हातातील धातूचा दांडा तारांवरून सरकला, की त्याखालच्या सर्व तारा एकदमच वर किंवा खाली जातात, त्यामुळे संपूर्ण स्वरसमूह एका पाटावर ठेवून ढकलल्यासारखा सरकतो. पेडल स्टीलमध्ये वादक दांडा जागच्या जागी ठेवून पायाने पेडल दाबतो किंवा गुडघ्याने तरफ ढकलतो आणि एखाद-दुसऱ्या तारेचाच ताण बदलतो. दोन सूर स्थिर राहतात आणि तिसरा त्यांच्यामधून वाट काढत वर चढतो. कोमाझावा यांच्या वादनात आपल्याला जी मींड ऐकू आली, ती हीच. हेडफोन लावा, डोळे मिटा आणि सर्व सूर एकत्र हलतात, की एखादाच हलतो, एवढ्याकडेच लक्ष द्या.


खर्जातला :

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत. मात्र पत्रकारांना इतक्या सहज सोडून द्यावे, हे मला पटत नाही.

मी स्वतः हौशी बासवादक आहे. एका लहानशा कार्यक्रमाचे वृत्त छापून आले, त्यात गायकाच्या पोशाखावर दोन वाक्ये होती आणि मागे वाजवणाऱ्या आम्हा चौघांना मिळून 'आणि सहकारी' हे दोन शब्द होते. तेव्हापासून या विषयावर माझे मत थोडे तिरके आहे, हे आधीच कबूल करतो.

'हेइबोन' आणि 'म्योजो' ही मासिके सत्तरच्या दशकात घरोघरी वाचली जात. त्यांच्याबरोबर गाण्यांच्या शब्दांची पुरवणी येई, ताऱ्यांच्या आवडीनिवडी असत, रंगीत छायाचित्रे असत. दूरचित्रवाणीच्या संगीत कार्यक्रमात गायिकेच्या मागे अख्खा बिगबँड बसलेला प्रेक्षकांना दर आठवड्याला दिसत असे. म्हणजे वादक लपलेले नव्हते. गायिका हिबारी मिसोरा यांच्या मागे वाजवणारा 'शार्प्स अँड फ्लॅट्स' संच आणि त्याचे प्रमुख नोबुओ हारा यांचे नाव सर्वांना माहीत होते, पण प्रमुखाचे. तिसऱ्या रांगेतल्या ट्रॉम्बोनवाल्याला जाऊन भेटण्यासाठी ध्वनिमुद्रण कंपनीच्या परवानगीची आवश्यकता नव्हती, फक्त इच्छेची होती.

उलट जिथे चाहत्यांनी लक्ष दिले, तिथे काय घडले पाहा. 'कँडीज' या तीन गायिकांच्या मागे 'एमएमपी' नावाचा संच वाजवत असे. ४ एप्रिल १९७८ रोजी कोराकुएन स्टेडियमवर त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तिथेही साथीला हेच वादक होते. त्या संचातील मंडळींतूनच पुढे 'स्पेक्ट्रम' हा ब्रास-रॉक बँड १९७९ साली पुढे आला, चिलखतासारखे पोशाख घालून आणि हातातले ट्रम्पेट गरगर फिरवत. साथीदारांकडे लोक पाहत नाहीत, हे म्हणणे त्यामुळे मला मान्य नाही. लोकांना दाखवले, तर लोक पाहतात.


जुनी_तबकडी :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तिसरी_तार यांनी सांगितलेला प्रयोग आज रात्री करून पाहतो.

एक उपप्रश्न : पत्रकारांमध्ये स्वतः वाद्य हाताळणारे कोणी होते का? खर्जातला यांची तक्रार वाचताना असे वाटले, की लिहिणाऱ्याने एकदा तरी स्टुडिओत बसून वाजवले असेल, तर त्याचे लेखन निराळे होत असावे.


मलपृष्ठ :

खर्जातला यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात पत्रकारांचा भाग राहूनच गेला होता; तो आता लिहितो.

जपानमध्ये 'संगीत पत्रकार' हा एकच प्राणी नाही. जॅझवाले वेगळे, परदेशी पॉपवाले वेगळे, रॉकवाले वेगळे. 'स्विंग जर्नल' हे जॅझ मासिक १९४७ पासून २०१० पर्यंत चालले. जॅझच्या जगात तबकडीवर वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव देणे हा शिष्टाचारच आहे, त्यामुळे तिथे ट्रॉम्बोनवाल्याचे नाव सापडते. आता यातली मौज पाहा : स्टुडिओत कायोक्योकु वाजवणाऱ्यांत जॅझ वादकांची संख्या मोठी होती. एकाच वादकाचे नाव रात्रीच्या जॅझ ध्वनिमुद्रणात ठळक छापलेले आणि सकाळच्या पॉप ध्वनिमुद्रणात गायब, असा प्रकार सर्रास होता. आपल्याला एखाद्या पॉप गाण्यातील वादकाचा संशय असेल, तर त्याच्या जॅझ तबकड्या ऐकून हात ओळखता येतो का पाहावे. मला दोन-तीनदा यश आले आहे, आणि कैक वेळा तोंडावर पडलो आहे.

परदेशी पॉपकडे पाहणाऱ्यांत 'म्युझिक लाइफ'च्या रुमिको होशिका यांचे नाव पहिले येते. जून १९६५ मध्ये त्या लंडनला गेल्या, किमोनो नेसून बीटल्सना स्टुडिओत भेटल्या आणि ती मुलाखत घेऊन परतल्या. धाडस वादातीत आहे. परंतु त्या प्रकारच्या पत्रकारितेचे डोळे ताऱ्यांकडे लागलेले होते आणि मासिकाचा खपही ताऱ्यांवरच होता, हे मान्य करायला हवे.

तोयो नाकामुरा यांनी १९६९ साली 'न्यू म्युझिक मॅगझिन' सुरू केले, जे १९८० पासून नुसते 'म्युझिक मॅगझिन' झाले. संगीताविषयी चेहऱ्यांपलीकडे जाऊन वाद घालण्याची जागा त्यामुळे निर्माण झाली. 'हॅपी एंड'च्या पहिल्या अल्बमला या मासिकाने पुरस्कार दिला. रॉक जपानी भाषेत गावा की इंग्रजीत, यावर १९७१ साली याच मासिकात परिसंवाद झाला आणि त्यात गायक यूया उचिदा व 'हॅपी एंड'चे सदस्य समोरासमोर बसले. त्या वादात भाषेची चर्चा भरपूर झाली. ड्रमचा ठेका कोण कसा धरतो, याची मात्र कमी, अशी माझी तक्रार आहे. याच संस्थेने १९८२ साली 'रेकॉर्ड कलेक्टर्स' काढले आणि जुन्या तबकड्यांचे, पुनर्प्रकाशनांचे बारकाईने वाचन सुरू केले. आपल्यासारख्या शोधकाने जुने अंक मिळवायचे, तर याचे मिळवावेत.

आता उपप्रश्न. हो, होते, आणि सर्वात ठळक उदाहरण हारुओ चिकादा यांचे. वर ज्यांचा उल्लेख आला, त्याच उचिदा यांच्या साथीला ते कीबोर्ड वाजवत. नंतर त्यांनी 'हारुओफोन' हा स्वतःचा बँड काढला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'पोपाय' मासिकात कायोक्योकुवर सदर लिहायला घेतले. ज्या गाण्यांना गंभीर समीक्षक हात लावायला कचरत, त्यांची बांधणी कशी आहे, संयोजकाने कुठे काय केले आहे, हे ते रंगून सांगत. १९९७ पासून 'शुकान बुन्शुन' या साप्ताहिकातही त्यांचे नव्या गाण्यांवरील सदर चालले. आपला अंदाज बरोबर आहे : मागच्या बाजूने मंच पाहिलेल्या माणसाची नजर त्या लेखनात जाणवते.

वादकांचीच मासिकेही आहेत. 'प्लेयर'ची सुरुवात १९६८ सालची. पुढे गिटार, बास आणि ड्रम यांना स्वतंत्र मासिके मिळाली. तिथे मुलाखतीत वादकाला त्याच्या वाद्याविषयी आणि कामाविषयी विचारले जाते. दिवंगत ड्रमर शुइची 'पोंता' मुराकामी यांनी १४,००० हून अधिक गाण्यांत वाजवल्याचे सांगितले जाते. या आकड्यामागील गाणी कोणती, हे तबकड्यांच्या पुस्तिकांतून फार कमी आणि वादकांच्या आठवणींतूनच अधिक उमगते.


तिसरी_तार :

कंट्रीच्या बाजूने एक पुरवणी जोडतो, कारण वाद्य हाताळणाऱ्या पत्रकाराचे याहून नेटके उदाहरण मला ठाऊक नाही.

कोबे शहरात १९६७ साली 'ब्लूग्रास ४५' हा बँड जमला. ब्लूग्रास म्हणजे बँजो, मँडोलिन, फिडल अशा वाद्यांवर वाजणारा कंट्रीचा एक प्रकार. १९७१ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या बीन ब्लॉसम येथील महोत्सवात वाजवून आला. बँडचे बँजोवादक साबुरो वातानाबे. त्यांनी पुढे ब्लूग्रासच्या तबकड्यांचा व्यवसाय उभारला, ताकाराझुका येथे १९७२ पासून चालत आलेल्या वार्षिक महोत्सवाच्या आयोजनात भाग घेतला आणि १९८३ पासून 'मूनशायनर' हे ब्लूग्रासला वाहिलेले मासिक काढले. वादक, आयोजक आणि संपादक एकाच माणसात. ब्लूग्रासमध्ये मुळातच साथीदार असा वेगळा वर्ग नसतो. बँजो, मँडोलिन, फिडल यांपैकी प्रत्येकाला आपापल्या पाळीने पुढे यावेच लागते, आणि माइक एकच असेल तर अक्षरशः एक पाऊल पुढे टाकावे लागते. साहजिकच अशा संगीतावर लिहिताना वादकाचे नाव गाळून वाक्य पुरेच होत नाही.

कुमामोतोचे चार्ली नागातानी हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. 'कॅननबॉल्स' हा त्यांचा बँड १९६१ पासूनचा, क्लब १९७६ पासूनचा, आणि आसो पर्वताच्या परिसरात 'कंट्री गोल्ड' महोत्सव त्यांनी १९८९ ते २०१९ असा चालवला. तोमी फुजियामा यांनी तर १९६४ साली नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर गाऊन घेतले होते; पण त्यांची कहाणी जगासमोर नीट आली ती २०१५ च्या एका माहितीपटामुळे. अर्ध्या शतकाचा उशीर मुख्य गायिकेच्या बाबतीत होत असेल, तर तिच्या मागे उभ्या असलेल्या वादकांनी काय अपेक्षा धरावी!

आणि जाता जाता, जुनी_तबकडी यांना आवडेल अशी एक गोष्ट. 'कागुयाहिमे' या त्रयीचे १९७३ सालचे 'कांदागावा' हे गाणे जपानमध्ये लहानथोरांना माहीत आहे, आणि त्याची ओळख पटते ती सुरुवातीच्या व्हायोलिनवरून. ते वाजवले आहे मासाहिरो ताकेकावा यांनी, म्हणजे 'हाचिमित्सु पाई'च्याच वादकाने. आपल्या कोमाझावांच्या शेजारी उभे राहणाऱ्या माणसाने.


जुनी_तबकडी :

प्रयोग केला. हेडफोन लावून ते चार-पाच सेकंद निदान वीस वेळा ऐकले. सर्व सूर एकत्रच सरकतात, एकही मागे राहत नाही. म्हणजे मी ज्याला कंट्री समजत होतो, ते हवाईच्या दाराने आलेले निघाले, आणि पेडल स्टीलच्या वादकांत ते नाव शोधण्यात मी घालवलेले सहा महिने चुकीच्या घराची कडी वाजवण्यात गेले.

पुस्तिकाही पुन्हा काढली. मलपृष्ठ यांनी सांगितलेले एन्सो हे पद त्या गाण्याखाली खरेच आहे, बारीक अक्षरात, पानाच्या घडीवर, त्यामुळे आजवर दिसले नव्हते. त्यापुढे एका ऑर्केस्ट्राचे नाव आहे. आता त्या काळी मूड कायोच्या ध्वनिमुद्रणांत स्टील वाजवणाऱ्यांची नावे कुणाकडे असतील, तर कृपया इथेच द्यावीत. एकेकाच्या तबकड्या ऐकून हात जुळतो का ते पाहीन. तोंडावर पडण्याची तयारी ठेवली आहे.